सोळा ऑक्टोबरची दुरुस्ती

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फळा आहे. त्या फळ्याला सव्वीस वर्षांत माझ्याशिवाय कोणी खडू लावलेला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी मी येतो, ओल्या फडक्यानं फळा पुसतो आणि त्या दिवसाचा दिनविशेष लिहितो. तारीख लाल खडूनं, साल पिवळ्या, घटना पांढऱ्या. ओळी चारच. पाचवी ओळ घातली की अक्षर दाटतं, आणि दाटलेलं अक्षर मला खपत नाही. केंद्रप्रमुख शाळेत आले की आधी फळ्याचा फोटो काढतात, मग पोषण आहाराची चव घेतात. सावली तालुक्यातल्या निम्म्या शाळा माझाच दिनविशेष मोबाइलवर मागवून घेतात. याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

दुसरा गर्व परिपाठाचा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की ज्या वर्गाची पाळी असेल त्यातलं एक लेकरू आठवडाभर माईकवर दिनविशेष वाचतं. छतावर भोंगा बसवलेला आहे, त्यामुळे परिपाठ कालव्यापर्यंत ऐकू जातो. वाचताना कोणाची चूक झाली तर त्यानं तिथंच, माईकवर, दोन वाक्यं बोलायची: "माझी चूक झाली. दुरुस्ती ऐका." आणि मग बरोबर ते वाचायचं. हा नियम माझा. मुलं सुरुवातीला लाजायची, मग सवय झाली. चूक कबूल करायला धाडस लागतं, असं मी दर सव्वीस जानेवारीला भाषणात सांगत आलो. सांगायला काय जातं.

गेल्या वर्षी सोळा ऑक्टोबरला मी नेहमीच्या चार ओळी लिहिल्या. जागतिक अन्न दिन. १७९३, फ्रान्सच्या राणीचा शिरच्छेद. १८४६, अमेरिकेत भूल देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक. १९०५, बंगालची फाळणी अमलात. माझ्या जुन्या वहीत या चार ओळी पहिल्या वर्षापासून आहेत. दरवर्षी त्याच उतरवायच्या.

पाळी सातवीची होती आणि सातवी माझाच वर्ग. माईकपाशी दिव्यानी दुधे उभी राहिली. बारकी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, वर्गात फारशी न बोलणारी पोर. तिनं चार ओळी खणखणीत वाचल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. पण ती माईकपासून हटली नाही. फळ्यावरची नजर काढून तिनं समोर पाहिलं आणि म्हणाली, "एकोणीसशे छप्पन. आजच्या दिवशी आपल्या चांद्याला धम्मदीक्षा झाली. माझे आजोबा लहानू दुधे तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते तिथं होते."

चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. पण फळ्यावर नसलेलं वाक्य माईकवर कोणी बोलायचं नाही, हा साधा शिरस्ता. मी पुढे झालो. भोंग्यातून माझाच आवाज मला ऐकू आला: "हे कुठं लिहिलंय?"

ती फळ्याकडे बघू लागली.

"दीक्षा चौदा ऑक्टोबरला. नागपूरला. परवा फळ्यावर लिहिलं होतं मी. अर्धवट ऐकायचं आणि माईकवर ठोकून द्यायचं, असं चालत नाही. दुरुस्ती कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलांकडे पाहिलं. शंभरावर मुलं रांगेत उभी होती. तिनं माईकची दांडी धरली आणि हळूच म्हणाली, "माझी चूक झाली. दुरुस्ती ऐका. दीक्षा चौदा ऑक्टोबरला नागपूरला झाली."

"पूर्ण कर."

"चांद्याला नाही," ती म्हणाली.

जनगणमन झालं आणि मुलं रांगेनं वर्गात गेली. मी खडूचे हात धुतले. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

वर्गात हजेरी घेताना पहिली तीन नावं झाली आणि चौथ्या नावाला कोणी ओ दिली नाही. सहाव्या नावाला नाही. नवव्याला नाही. विहाराकडच्या वस्तीतली नऊ मुलं माझ्या वर्गात आहेत, त्यातली आठ नव्हती. फक्त दिव्यानी मागच्या बाकावर बसली होती, पुस्तकात डोकं घालून. मी रोजच्या वैतागानं विचारलं, "ही सगळी गेली कुठं?"

वर्गप्रमुख उर्वशी उठली. तिला बिचारीला काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, चांद्याले गेलेत ना. दरसालचंच हाय ते."

पेन हातात होतं. त्या आठ चौकोनांत मला गैरहजेरी लिहायची होती. ती मी लिहिली. हात सवयीनं चालतो. उर्वशी उभीच होती, मी तिला बस म्हणालो नाही म्हणून. दिव्यानीनं मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत मी कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं. त्यात माझ्या वर्गांचे सव्वीस वर्षांचे हजेरीपट आहेत. एकेक काढला, ऑक्टोबरचं पान उघडलं. सोळा तारखेचा रकाना. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर प्रत्येक वर्षी त्या एका रकान्यात सात, आठ, कधी अकरा गैरहजेऱ्या, सगळ्या त्याच वस्तीतल्या आडनावांपुढे. सगळ्या माझ्या अक्षरात. दिव्यानीला मी विचारलं होतं, कुठं लिहिलंय. मीच लिहीत होतो, सव्वीस वर्षं, निळ्या शाईत.

आदल्या वर्षी हाच वर्ग सहावीत माझ्याकडे होता; त्याच्या हजेरीपटात टाचणीनं लावलेला एक कागद निघाला. सतरा तारखेला मी वस्तीतल्या मुलांना उभं करून झापलं होतं: सांगून जायला काय होतं, अर्ज कोण देणार? दुसऱ्या दिवशी दिव्यानीनं अर्ज आणला होता. "दि. १६ ऑक्टोबर रोजी चांदा येथील धम्मदीक्षा दिनाला घरच्यांसोबत गेल्यामुळे मी शाळेत येऊ शकले नाही." खाली तिची सही. तिच्या दोन चुका मी लाल पेननं सुधारल्या होत्या. त्याखाली माझी सही होती, तारखेसकट.

मी खुर्चीवर बसलो. आता खरं सांगतो. माईकवर असताना मला आठवलं नव्हतं, असं नाही. पोरगी "चांद्याला" म्हणाली त्याच क्षणी डोळ्यांपुढे पंधरा तारखेची संध्याकाळ आली होती: वस्तीच्या तोंडाशी उभे ट्रॅक्टर आणि जीपगाड्या, निळे झेंडे, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, डब्यांत बांधून घेतलेल्या भाकरी. दरवर्षी त्या दिवशी चंद्रपूरची बस भरून जाते म्हणून मी चिडतो. म्हणजे तारीख मला पाठ होती, बसच्या गर्दीपुरती. फक्त ती फळ्यावर यावी असं कधी वाटलं नाही. ते त्यांचं आहे, असं मनात कुठंतरी धरलेलं होतं. फ्रान्सच्या राणीचं मुंडकं माझं होतं, बंगाल माझा होता. इथून साठ किलोमीटरवर झालेलं ते मात्र त्यांचं.

तरी हे सगळं मनात येऊन गेलं आणि मी तिला दुरुस्ती करायला लावली. कारण फळा माझा होता, आणि सगळी शाळा बघत होती.

शाळा सुटल्यावर मी वस्तीत गेलो. बहुतेक घरांना कुलपं होती. लहानू दुध्यांच्या घरी मात्र माणसं होती. म्हातारा पडवीत बाजेवर बसला होता, एक पाय उशीवर लांब केलेला. पोळ्याच्या सुमारास न्हाणीत पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून यंदा घरातलं कोणी चांद्याला गेलं नव्हतं. म्हणून दिव्यानी शाळेत आली होती. सव्वीस वर्षांत सोळा ऑक्टोबरला त्या माईकवर वस्तीतलं लेकरू उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती मी अशी साजरी केली होती.

"या गुर्जी," लहानूभाऊ म्हणाला. "नूतन, गुर्जीसाठी चहा ठेव व."

सून आतून "हो" म्हणाली. मी खुर्चीवर बसलो आणि पायाची चौकशी केली. डॉक्टर काय म्हणाले, वॉकर मिळालं का, सगळं विचारलं. जे विचारायला आलो होतो ते सोडून सगळं. शेवटी त्यानंच विषय काढला.

"आज आयकलो मी. भोंगा इथी साफ आयकू येते."

"भाऊ, त्याच्याचसाठी आलो मी."

"मी रोज आयकतो गुर्जी. डोळ्यानं आता पेपर दिसत नाई. सकाळी इथी बसतो आन् तुमचा दिनविशेष आयकतो. कोणत्या तारखेले काय झालं, मले तोंडपाठ हाय. खोटं नाई सांगत. इचारा."

मी विचारलं नाही.

"सोळा तारखेचा तेवढा कधी आयकला नाई. त्या दिवशी आमी चांद्याले राहतो. मले वाटे, आमी तिकडं गेल्यावर गुर्जी इकडं सांगत असन." तो पायावरचं पांघरूण सारखं करत होता. "यंदा जाता आलं नाई. म्हटलं, चला, पाय मोडला तं मोडला, गुर्जीच्या तोंडून तं आयकू. पोरीले सकाळी म्हणलो, आज तुहीच पाळी हाय बेटा, बरं झालं."

चहा आला. काळा, गूळ घातलेला. मी कप हातात धरून बसलो.

लहानूभाऊ सांगत राहिला. त्याच्या बापानं त्याला इथून चालत नेलं होतं, मूल गावाच्या पुढं एका बाभळीखाली मुक्काम, अंधारी नदी बापाच्या खांद्यावर बसून पार केलेली. आईनं बापाचं जुनं धोतर फाडून त्याला पांढरा सदरा शिवला होता. "तिथं गेल्यावर मले काई दिसलं नाई गुर्जी. मानसंच मानसं. मी बापाच्या खांद्यावर. बाप काई बोलत नव्हता, पन त्याचा खांदा हालून राह्यला होता. मले वाटलं थकला असन. मोठा झाल्यावर समजलं, रडत होता."

दिव्यानी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं अजून शाळेचा ड्रेस बदलला नव्हता. लहानूभाऊनं तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी, केवळ माझ्यासाठी, म्हणाला, "गुर्जीले मालूम नसन बेटा. मानूस हाय. सगळंच थोडी मालूम राहते."

त्यानं माझं बोलणं सोपं करून दिलं होतं. मला फक्त खरं बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो ना भाऊ. मले मालूमच नव्हतं."

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं. तिनंच तो अर्ज लिहिला होता. मी लाल पेननं सुधारून तिच्यासमोर सही केली होती, आणि "पुढच्या वेळी आधी द्यायचा" असं बजावलंही होतं. ती हे आजोबाला सांगू शकली असती. तिनं माझा रिकामा कप उचलला आणि आत गेली. बारा वर्षांच्या पोरीनं माझी लाज झाकली, आणि मी ती झाकू दिली.

घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त म्हणालो. आणखी एक खोटं, पण ते निदान स्वतःपुरतं.

सतरा तारखेला सकाळी फळा पुसला आणि खडू हातात घेऊन उभा राहिलो. दिनविशेष तारखेनं येतो आणि तारखेनं जातो. सोळा गेली होती, पुन्हा यायला वर्ष होतं, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या मोडक्या खुब्याला वर्ष किती लांब असतं ते कोणाला ठाऊक. मी लाल खडूनं सोळा ऑक्टोबर लिहिलं, सतराव्या दिवशी. खाली पिवळ्यानं १९५६. त्यापुढं पांढऱ्यानं, "चांदा येथे धम्मदीक्षा". बाकी फळा कोरा ठेवला.

परिपाठाला प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. दिव्यानी माईककडे निघाली होती, तिला मी हातानं थांबवलं. आदल्या दिवशी गेलेली आठही मुलं परत आली होती, बसच्या जागरणानं डोळे चोळत उभी होती. खिशात मी एक कागद लिहून आणला होता. त्यात "माहितीअभावी" असा एक छान शब्द होता. सरकारी पत्रात शोभेल असा.

मी म्हणालो, "माझी चूक झाली. दुरुस्ती ऐका."

हे वाक्य मुलांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी पुढचं वाचलं. सोळा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन. चांद्याची दीक्षा. दिव्यानी दुधे काल बरोबर होती, आणि तिला मी खोटं पाडलं. इथवर कागदावर होतं. पुढचा शब्द "माहितीअभावी".

समोर पहिल्या रांगेत दिव्यानी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मला वाटायला हवी ती लाज तिलाच माझ्यासाठी वाटत होती.

मी कागद घडी घालून खिशात टाकला. म्हणालो, "मला हे माहीत होतं. दरवर्षी माहीत होतं. माझ्या हजेरीपटात लिहिलेलं आहे. तरी मी फळ्यावर घेतलं नाही, आणि काल लहानूभाऊंच्या घरी जाऊन माहीत नव्हतं असं खोटं सांगितलं. तीही चूक. तिचीही ही दुरुस्ती."

भोंगा वस्तीकडेच तोंड करून आहे. मी माईक दिव्यानीच्या हातात दिला. तिला वाचायला फळ्यावर एकच ओळ होती. ती तिनं वाचली, आदल्या दिवसापेक्षा हळू आवाजात, आणि जागेवर जाऊन उभी राहिली. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही, ते बरं झालं.

संध्याकाळी पुन्हा वस्तीत गेलो. लहानूभाऊनं या म्हटलं, बसा म्हटलं. चहाचं नाव काढलं नाही.

"आयकलो," तो म्हणाला. मग विचारलं, "काल मले खोटं काऊन सांगतलं गुर्जी? मी तं तुमाले काई बोललोबी नव्हतो."

"शरम वाटली भाऊ."

"आन् आज?"

"आजबी वाटून राह्यली."

त्यानं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही माफी मागितली नाही. मी म्हणालो, पुढच्या वर्षीपासून सोळा तारखेला पहिली ओळ हीच राहील. पण ती वाचली जाईल तेव्हा वस्तीतलं कोणी ऐकायला नसेल, सगळे चांद्याला असतील, याचंच वाईट वाटतं.

लहानूभाऊ पहिल्यांदा थोडा हसला. "आमच्या लेकरायले कायले पायजे गुर्जी? त्यायले घरी मालूम हाय. मी तं रोज सांगतो, कटाळतेत आता. तुमच्या लेकरायले सांगा. आमी नसतो त्या दिवशी जे रांगेत उभे राहतेत, त्यायले."

घरी येऊन मी अंगणात बसलो. तुमची लेकरं, तो म्हणाला होता. माझा मुलगा आदेश याच शाळेत शिकला. सात वर्षं त्याच रांगेत, त्याच फळ्यासमोर. आता पुण्याला कंपनीत आहे. मी त्याला फोन लावला. जेवलास का, पाऊस आहे का, झालं. मग म्हणालो, "आदेश, काल सोळा ऑक्टोबर होती. सोळा ऑक्टोबरले काय राहते रे?"

तो हसला. क्षणभरही थांबला नाही. "जागतिक अन्न दिन. सतराशे त्र्याण्णव, फ्रान्सच्या राणीचा शिरच्छेद. अठराशे शेहेचाळीस, भूल देऊन शस्त्रक्रिया. एकोणीसशे पाच, बंगालची फाळणी." आणि वर अभिमानानं म्हणाला, "बघा बाबा, अजून पाठ हाय. तुमीच तं करून घेतलं होतं."

"हो," मी म्हणालो. "मीच."

पलीकडून तो हॅलो, हॅलो म्हणत राहिला. मला सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.